कालिंदीची लाकडी चोच

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. आज आपल्याला एका जंगलात जायचं आहे. ते जंगल कुठे आहे हे मला विचारू नका. सांगितलं, तर तिथले लोक म्हणतील आमची बदनामी केली. नाही सांगितलं, तर बाकीची सगळी जंगलं म्हणतील हे आमच्याबद्दलच आहे.

त्या जंगलात एक तळं होतं आणि तळ्याकाठी एक मोठं रुग्णालय होतं. तिथे ऑपरेशनं फार चांगली होत. ती करणारे सगळे डॉक्टर बगळे होते. त्यांच्या हाताखाली शिकणारे सगळे विद्यार्थीही बगळे होते. विद्यार्थ्यांना शिकवताना ज्यांची उदाहरणं देत, तेही जुने थोर बगळेच होते.

असं का, हा प्रश्न कुणाला पडत नसे. बगळ्याची चोच लांब आणि टोकदार. चोचीने कापायचं, चोचीने उचलायचं, चोचीनेच शिवायचं. शिवाय बगळा एका पायावर चार-चार तास हलत नाही. अंगावर वेगळा पांढरा कोट लागत नाही.

"आमच्याकडे फक्त गुणवत्ता बघतात," असं तिथले प्रमुख डॉक्टर शुभ्रकांत बगळे म्हणत. त्यांच्याआधी त्यांचे वडील प्रमुख होते आणि वडिलांच्या आधी आजोबा. तेही हेच म्हणत.

गुणवत्ता मोजायची एक काठी होती. ती अर्जदाराच्या चोचीला लावून बघत. एकदा एका कावळ्याने अर्ज केला. त्याची चोच काठीइतकी भरली. मग सगळ्यांनी बराच विचार केला आणि काठी बदलली. कावळ्याला पत्र गेलं, की आपण हुशार आहात, पण आपण इथे रमाल असं वाटत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एकदा जंगलाचे राजे वाघमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथल्या रुग्णालयात त्यांनी डॉक्टर म्हणून एक मुंगूस, दोन खारी आणि एक घुबड पाहिलं. त्यांना ते दृश्य आवडलं. रंगीत होतं. परत येताच त्यांनी हुकूम काढला, की आपल्याकडेही विविधता हवी. वर्षाच्या शेवटी समिती येऊन बघेल. विविधता दिसली नाही, तर रुग्णालयाची शिकवण्याची परवानगी जाईल.

डॉक्टर शुभ्रकांत बगळ्यांनी सभा घेतली.

"विविधता आपल्याकडे आहेच," ते म्हणाले. "मोठा बगळा आहे, मधला बगळा आहे, छोटा बगळा आहे आणि गायबगळाही आहे. गायबगळ्याला आपण किती वर्षं सांभाळून घेतलंय."

कोपऱ्यात बसलेल्या गायबगळ्याने मान हलवली.

पण हुकुमात 'बगळे सोडून' असं स्पष्ट लिहिलं होतं. मग तीन विद्यार्थ्यांना रंगवायचं ठरलं. एकाला चिखलाने तपकिरी केलं, एकाला कोळशाने काळं केलं, एकाला हळदीने पिवळं केलं. तिघेही छान दिसत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही सवयीने तळ्यात उतरले आणि पांढरे होऊन बाहेर आले.

तेव्हा कुठे नाइलाजाने रुग्णालयाच्या दारावर पाटी लागली: बगळे नसलेल्यांनीही अर्ज करावेत.

आता आपली कालिंदी येते.

कालिंदी हे एक पाणमांजर होतं. तळ्यातून एक नदी निघते, तिच्या खालच्या अंगाला पाणमांजरांची वस्ती होती. तिथे ती तिच्या मावशीकडे वाढली. एकदा मावशीच्या पायात मासेमार कोळ्यांच्या जाळ्याची दोरी रुतली. पाय सुजला. कालिंदी मावशीला घेऊन तीन दिवस प्रवाहाच्या उलट पोहली आणि या रुग्णालयात आली.

तिथल्या डॉक्टरांनी पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं, की जखम आतून चिघळली की पिसांखालची पांढरी कातडी लाल होते. डॉक्टरांनी मावशीचा पाय बघितला. पिसं नव्हती. कातडी पांढरी नव्हती, त्यामुळे लालही झाली नव्हती.

"काही नाही झालेलं," डॉक्टर म्हणाले. "घरी न्या."

मावशी घरी पोहोचलीच नाही. वाटेतच गेली. कालिंदीने तिला नदीकाठी पुरलं आणि तिथेच बसून ठरवलं, की आपण ऑपरेशन शिकायचं. तेव्हापासून ती कमळाचे देठ उभे चिरायची आणि गवताच्या काडीने परत शिवायची. शिवलेल्या देठातून पाणी गळेनासं झालं, तेव्हा तिने अर्ज केला.

मुलाखतीला पाच बगळे बसले होते.

"आपण मूळच्या कुठल्या?" एकाने विचारलं.

"नदीच्या खालच्या अंगाच्या."

"ते झालं. पण त्याआधी?"

"त्याआधीही नदीच्याच."

"बरं, मासे खाता का?"

"खाते."

पाचही बगळ्यांना जरा हायसं वाटलं. म्हणजे तशी आपल्यातलीच आहे. मग कुणीतरी काठी आणली आणि पंचाईत झाली. काठी लावायला कालिंदीला चोचच नव्हती.

"मला बोटं आहेत," कालिंदी म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे केले. दहा बोटं होती, बारीक, ओलसर, हवी तशी वळणारी.

पाचही बगळ्यांनी ती बोटं पाहिली. एकमेकांकडे पाहिलं.

"अडचण मोठी आहे," शुभ्रकांत बगळे म्हणाले. "पण आपण सहानुभूतीने विचार करू. मुलीचा दोष नाही तो."

त्यांनी सुतारपक्ष्याला बोलावलं. सुतारपक्ष्याने सागाच्या लाकडाची चोच कोरली, तिला पांढरा चुना दिला आणि मागे दोन पट्टे लावले. अशा प्रकारे कालिंदीला प्रवेश मिळाला. दारावरच्या पाट्यांवर 'बगळे' हे आडनाव आधीच कोरून ठेवलेलं असे, पुढे फक्त नाव घालायचं. म्हणून तिची पाटी झाली 'डॉ. कालिंदी बगळे'.

लाकडी चोचीने काम करणं सोपं नव्हतं, मुलांनो. चोच लावली की कालिंदीला स्वतःचे पाय दिसत नसत. बोललं की आवाज पिंपातून आल्यासारखा येई. चोचीने सुई उचलायला तिला अर्धा तास लागे. हातांनी तेच काम तिने डोळे मिटून केलं असतं. पण हात पाठीमागे धरून उभं राहायचं, असा नियम होता.

"चिकाटी आहे हिच्यात," शुभ्रकांत बगळे सगळ्यांना सांगत. "हात आड येतात, तरी बघा कशी प्रयत्न करते."

रुग्णालयाच्या भिंतींवर चित्रं काढायला सरड्याला बोलावलं होतं. त्याने प्रत्येक भिंतीवर एक बगळा आणि एक कालिंदी काढली. दाराशी हसणारी कालिंदी, जिन्याशी पुस्तक वाचणारी कालिंदी, स्वयंपाकघराशी लांब कुठेतरी बघणारी कालिंदी. सात भिंती, सात कालिंद्या. खरी कालिंदी त्यांच्या समोरून गेली, की रुग्ण तिला म्हणत, "बाई, इथलं जरा पुसून घ्या."

शिवाय तिला विविधता समितीची अध्यक्ष केलं होतं. समितीत ती एकटीच होती. समितीची बैठक रोज सकाळी असे, नेमकी ऑपरेशनच्या वेळेला. आत बाकीचे विद्यार्थी आतडी शिवायला शिकत, आणि बाहेर कालिंदी एका ओंडक्यासमोर बसून 'पाणमांजरांना ऑपरेशन शिकायला पुरेशी संधी का मिळत नाही' या विषयावर स्वतःशी चर्चा करी. तिने अहवाल लिहिला, की ही बैठक दुपारी ठेवावी. शुभ्रकांत बगळ्यांनी तो मन लावून वाचला. त्यांना तो इतका पटला, की त्यावर विचार करायला त्यांनी संध्याकाळची आणखी एक बैठक सुरू केली.

तिच्याबरोबर शिकणारा धवल बगळा स्वभावाने बरा होता. एकदा दोघेच असताना तिने त्याला हातांनी शिवून दाखवलं. धवल बराच वेळ तो टाका बघत राहिला.

"माझ्यापेक्षा चांगला आहे," तो म्हणाला. "खरंच सांगतो. चारचौघांत नाही म्हणणार, पण मनापासून म्हणतोय."

"चारचौघांत म्हटलंस तर काय होईल?"

"सर विचारतील, तू तिच्या हातांकडे का बघत होतास."

कालिंदीला त्याचा राग आला नाही. राग यायला आधी थोडा वेळ मिळावा लागतो, आणि तिला संध्याकाळच्या बैठकीला जायचं होतं.

वर्ष संपत आलं. वाघमहाराजांची समिती उद्या येणार, अशा दिवशी दोन ससे एका फळीवर कमठाबाईला ओढत घेऊन आले. कमठाबाई म्हणजे जंगलातली सगळ्यात म्हातारी कासवीण. तिचं सगळे ऐकत. ती पाण्यात चरत असताना कोळ्यांचा गळ तिच्या मानेत रुतला होता. दुखलं तशी तिने मान आत ओढली, आणि गळासकट ती आतच अडकली. आता मान बाहेर येत नव्हती. कवचाच्या आतून बारीक, घुसमटलेला आवाज येत होता.

कालिंदी तिच्यापाशी वाकली.

"आजी, घाबरू नका. मी डॉक्टर कालिंदी."

"बगळे?" आतून आवाज आला.

"नाही. पाणमांजर."



"मग तू बाजूला हो, बाळ," कमठाबाई म्हणाली. "आणि खऱ्या डॉक्टरांना बोलाव. येताना पाणी आण. मी दीडशे वर्षं बगळ्यांकडेच दाखवते."

कालिंदीने डॉक्टरांना बोलावलं. येताना पाणीही आणलं.

तीन मोठ्या डॉक्टरांनी एकामागून एक कवचात चोच घातली. तिघांच्याही चोची थोड्या आत जाऊन थांबल्या. कासव मान आत घेतं तेव्हा ती सरळ जात नाही, तिला मध्ये वळण पडतं. गळ त्या वळणाच्या पलीकडे होता.

"पुढे हाड आहे," पहिला म्हणाला.

"पुढे काहीच नाही," दुसरा म्हणाला.

"वय झालं आहे," तिसरा म्हणाला.

कालिंदीने कवचाला कान लावला. आतला श्वास थांबून थांबून येत होता. दोन श्वासांच्या मधली जागा वाढत चालली होती. तिला मावशीचा शेवटचा दिवस आठवला. तेव्हाही तिने असाच कान लावला होता आणि तेव्हा तिला काहीच करता येत नव्हतं.

ती उभी राहिली.

"सर, चोच वळत नाही. बोटं वळतात. मला हात घालू द्या."

"नियमात बोटं नाहीत," शुभ्रकांत बगळे म्हणाले.

"नियमात वळणही नाही, सर."

"म्हणून तर मी म्हणतो, ही केस आपल्याकडे यायलाच नको होती."

"सर, त्या गुदमरताहेत."

शुभ्रकांत बगळ्यांनी विचार केला. कमठाबाई मेली, तर जंगल विचारणार. उद्या समिती येणार. पण बोटांनी ऑपरेशन झालेलं कळलं, तरीही जंगल विचारणार. त्यांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला. मोठा निर्णय असला की ते तसं करत.

"धवल, तू समोर उभा राहा. चोच कवचात घाल आणि तशीच ठेव. कालिंदी, तू खाली बस आणि खालून हात घाल. कुणी विचारलं, तर तू दिवा धरला होतास."

"दिवा कुठे आहे, सर?"

"म्हणूनच म्हटलं, कुणी विचारलं तर."

कालिंदीने पट्टे सोडले आणि चोच बाजूला ठेवली. वर्षभरात पहिल्यांदा तिला ऑपरेशनच्या खोलीत स्वतःचे पाय दिसले. ती जमिनीवर पालथी झोपली आणि धवलच्या चोचीखालून तिने हात आत सरकवला.

आत गरम होतं, अरुंद होतं. बोटं वळणाशी पोहोचली आणि वळली. पलीकडे लोखंड लागलं. तिने गळाचा आकार हळूहळू चाचपला. त्याच्या टोकाला उलटा काटा होता आणि तो मांसात पक्का बसला होता. तसाच ओढला असता, तर मान आतून फाटली असती.

कालिंदीने दुसरं बोट आत घातलं. त्या बोटाने काट्यावरचं मांस हळूच मागे सारलं, आणि मोकळा झालेला काटा पुन्हा रुतू नये म्हणून आपल्याच बोटाचं टोक त्याच्यावर दाबलं. काटा तिच्या बोटात घुसला. तिने हात हलू दिला नाही. मग गळ आणि बोट, दोन्ही एकमेकांत अडकलेले, तिने तसेच सावकाश बाहेर आणले. वाटेत कमठाबाईच्या मानेला एक ओरखडाही लागला नाही.

गळ बाहेर आला. पाठोपाठ कमठाबाईने एक लांब श्वास घेतला आणि मान बाहेर काढली. समोर तिला ओल्या चोचीचा धवल दिसला.

"डॉक्टर," कमठाबाई म्हणाली, "तुमच्या चोचीला देवाने जादू दिली आहे."

धवलने बोलायला चोच उघडली. शुभ्रकांत बगळ्यांकडे पाहिलं. चोच मिटली.

मग कमठाबाईचं लक्ष खाली गेलं. कालिंदी जमिनीवर बसून बोटातला काटा काढत होती.

"हिला काय झालं?"

"शिकाऊ आहे," शुभ्रकांत बगळे म्हणाले. "लागतं कधीकधी."

"कामात लक्ष ठेवावं, बाळ," कमठाबाई मायेने म्हणाली आणि सशांना घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी समिती आली. समितीचे अध्यक्ष म्हणजे गवेसाहेब नावाचा एक प्रचंड गवा. त्यांना लांबचं दिसत नसे आणि जवळचं बघायला ते वाकत नसत. शुभ्रकांत बगळे त्यांना एकेका खोलीतून फिरवत होते. कालिंदीला सांगितलं होतं, की साहेब एका खोलीतून निघाले की मागच्या दाराने पळत पुढच्या खोलीत जाऊन उभं राहायचं.

गवेसाहेबांनी पहिल्या खोलीत एक पाणमांजर पाहिलं. दुसऱ्या खोलीत एक पाहिलं, जरा धापा टाकणारं. तिसऱ्या खोलीत एक पाहिलं, बरंच धापा टाकणारं.

"पाणमांजरं एकूण किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"जिकडे बघाल तिकडे आहेत, साहेब," शुभ्रकांत बगळे म्हणाले.

"सगळी दमलेली दिसतात."

"मेहनती जात आहे, साहेब."

शेवटी सभा झाली. रुग्णालयाला विविधतेची ढाल मिळाली. ती शुभ्रकांत बगळ्यांनी स्वीकारली. मग कालिंदीला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. विषय दिला होता: मला इथे किती आपलेपणा मिळाला.

कालिंदी पुढे आली. तिने पट्टे सोडून चोच काढली, कारण तिला पिंपातून बोलायचं नव्हतं. सभेत कुजबूज झाली. बांधलेलं बोट वर करून ती म्हणाली, "काल इथे एका म्हाताऱ्या कासविणीच्या मानेतला गळ निघाला. तो चोचीने निघाला नाही. मी बोटांनी काढला. चोच वळत नाही, बोटं वळतात. ज्यांना बोटं आहेत, त्यांना हातांनी काम करू द्या. एवढंच मला सांगायचं आहे."

 शुभ्रकांत बगळ्यांची मान इतकी आखूड झाली, की ते एकदम घुबडासारखे दिसायला लागले. कालिंदीला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. शिक्षा होईल किंवा न्याय होईल. दोन्हींची तिची तयारी होती.

गवेसाहेब बराच वेळ रवंथ करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इथे बोटांचाही विचार होतो?"

"सखोल होतो, साहेब," शुभ्रकांत बगळे म्हणाले. त्यांची मान परत लांब झाली.

"वा. फार पुढचं रुग्णालय आहे," गवेसाहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी एक ढाल दिली.

त्यानंतर रुग्णालयात खरोखरच बदल झाला, मुलांनो. शुभ्रकांत बगळ्यांनी 'वळणापलीकडचं ऑपरेशन' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सिद्ध केलं, की बोटांचं महत्त्व बगळ्यांना पूर्वीपासून माहीत होतं. नवा नियम आला, की प्रत्येक डॉक्टरला बोटं हवीत. सुतारपक्ष्याने रात्रंदिवस खपून सगळ्या बगळ्यांना दहा-दहा लाकडी बोटं करून दिली. ती वळत नसत, पण दिसायला छान होती. ती पंखांना बांधून बगळे आता लगबगीने फिरत आणि जाता-येता दारांत अडकत.

मग शेवटची परीक्षा झाली. शुभ्रकांत बगळे स्वतः परीक्षक होते.

"बोटं?" त्यांनी विचारलं.

कालिंदीने हात पुढे केले.

"ही नव्हेत. लाकडी कुठे आहेत?"

"माझी खरी आहेत, सर."

"तीच तर अडचण आहे. खरी बोटं प्रत्येकाची वेगळी असतात. परीक्षा सगळ्यांना सारखी हवी. मी तुझ्यासाठी नियम वाकवला, तर बाकीच्यांवर अन्याय होईल. विविधतेचं आपल्याला आता नाव झालं आहे, कालिंदी. जपायला हवं."

"म्हणजे मी नापास?"

"मी तसा शब्द वापरणार नाही. तू इथे रमली नाहीस."

कालिंदीने लाकडी चोच टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं, की हा क्षण आला तर आपण रडू. पण तिला आठवत होता तो फक्त कमठाबाईचा लांब श्वास. ती तळ्यात उतरली आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली. जाताना तीन दिवस लागले नाहीत, दीडच लागला.

नदीकाठी, मावशीला जिथे पुरलं होतं त्याच्याजवळ, एका सपाट दगडावर तिने काम सुरू केलं. जाळ्यात पाय अडकलेली पाणमांजरं येऊ लागली. ती हात लावून बघायची. कुठे गरम लागतं, कुठे घट्ट लागतं, ते बोटांना कळायचं. तो कावळाही तिच्याकडे आला. त्याने विचारलं, मला शिकवशील का. तिने त्याची चोच मोजली नाही, एक कमळाचा देठ दिला. मग एक मुंगूस आलं, दोन खारी आल्या.

एक दिवस काठावरून खसफस ऐकू आली. कमठाबाई आली होती. एकटीच, चालत. तिला यायला दोन महिने लागले होते.

ती कालिंदीसमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "हात दाखव."

कालिंदीने हात दाखवला. कमठाबाईने आपली मान त्या बोटांवर टेकवली आणि डोळे मिटले. 

"हीच," ती म्हणाली. "आत अंधार होता, पण चोच आणि बोट यातला फरक मला कळतो. ओली होती, वळत होती. तूच होतीस ना?"

"हो, आजी."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला पाणी आणायला सांगितलं होतं."

 कमठाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दीडशे वर्षांच्या डोळ्यांत पाणी यायलाही वेळ लागतो, पण आलं. तिने कालिंदीच्या बोटावरच्या व्रणाकडे पाहिलं आणि हळूच, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघत म्हणाली,

"तुझे उपकार मी विसरणार नाही. आणि काळजी करू नकोस, बाळ. मी हे कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही."

 कालिंदी हसली. इतकं हसली, की दगडावर झोपलेलं एक पाणमांजर टाके सांभाळत उठून बसलं.

कमठाबाईने शब्द पाळला. तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त आपल्या बहिणीला सांगितलं, तेही कुणाला सांगू नकोस म्हणून. बहिणीने तसंच सांभाळून साळिंदराला सांगितलं. साळिंदराने भेकराला सांगितलं. असं होता होता महिनाभरात साऱ्या जंगलाने ही गोष्ट गुप्त ठेवली.

त्यानंतर नदीकाठी रांग लागायला लागली. पण रांगेतला प्रत्येकजण तोंडावर सागाचं एक पान धरून बसे. आपण इथे आलो, हे कुणाला दिसायला नको. पानामागून हरीण शेजारच्या नीलगाईला ओळखत नसे आणि नीलगाय हरणाला ओळखत नसे. घरी गेल्यावर दोघीही रुग्णालयाच्या ढालींचं कौतुक करत. कालिंदी एकेकाला पुढे घेई, पान बाजूला करी, जे दुखत असेल ते बरं करी आणि पान परत जागेवर ठेवी.

धवलही अधूनमधून शिकायला येई. त्याने लाकडी बोटं काढून झुडपात लपवलेली असत.

"रुग्णालयात काय सांगून येतोस?" कालिंदीने विचारलं.

"मासे धरायला जातो म्हणून."

"मग जाताना दोन घेऊन जा. नाहीतर संशय येईल."

तो खरंच दोन घेऊन जाई.

एका दुपारी रांगेच्या टोकाशी जरा कुजबूज झाली. एक नवा रुग्ण आला होता. पांढरा, ताठ, एका पायावर उभा. त्याच्या पंखाखाली मोठं गळू झालं होतं. रुग्णालयातल्या बारा डॉक्टरांनी लाकडी बोटांनी ते दाबून पाहिलं होतं, त्यामुळे ते आता फारच मोठं झालं होतं. तो रांग सोडून सरळ पुढे आला आणि पानाआडून दबक्या आवाजात म्हणाला,

"मला आधी घे. मी कोण आहे, हे तुला माहीत आहे."

कालिंदीच्या हातात एका सशाचा पाय होता. तिने मान वर केली नाही.

"पान लावलं की मला कुणीच ओळखू येत नाही," ती म्हणाली. "शेवटी जाऊन बसा. तुमचा नंबर आला की बघते. नीट बघते, काळजी करू नका."

 तो परत फिरला आणि रांगेच्या शेवटी, एका घुशीच्या मागे जाऊन बसला. पान त्याने चेहऱ्यावर घट्ट धरलं होतं. पण पान होतं वीतभर, आणि त्यातून पुढे आणखी वीतभर पिवळी चोच बाहेर आली होती. सगळ्या रांगेने ती पाहिली. सगळ्यांनी आपापलं पान जरा वर सरकवलं.

तात्पर्य: मुलांनो, विविधता फार चांगली गोष्ट आहे, आणि दुखायला लागलं की तर फारच चांगली. फक्त तिच्याकडे जाताना, ज्याची चोच लांब, त्याने पान मोठं घ्यावं.